ओटीलीमावशीची किल्ली

ओटीलीमावशीला कुणाला काही सुनवायचं असलं की ती त्या माणसाकडे बघायचीसुद्धा नाही. मांजराशी बोलायची. "काय गं मिंत्से, या घरात काही लोकांना बूट बाहेर काढायचे कळत नाहीत, नाही का?" असं म्हणाली की दारात उभे किलियनकाका, तिचे यजमान, मुकाट बूट काढायचे. आमची कोंबडी तिच्या वाफ्यात शिरली की ती कोंबडीला म्हणायची, "ये बाई, ये. तुझ्या मालकिणीला कुंपण नीट करायला सवड नाही, तू तरी काय करशील!" आणि भिंतीपलीकडे माझी आई लाल व्हायची. लेकी बोले सुने लागे, हीच तिची आयुष्यभराची रीत. नाकातून निघून शेवटी वर चढणारा तिचा तो सूर मला हुबेहूब येतो. मी तो काढला की सगळी गल्ली हसायची. जूनपासून कुणी हसत नाही. म्हणून आता लिहून ठेवतेय.

आमचं ओबरलो ओढ्याच्या दोन्ही अंगांना वसलेलं. मावशीचं घर आमच्याकडच्या काठाला, आणि किलियनकाकांच्या मधमाश्यांच्या पेट्या समोरच्या उतारावर, कारण ऊन तिकडे. तो उतार काकांच्या धाकट्या भावाचा, गाल्लुसकाकांचा. बापाने मरताना घर थोरल्याला दिलं, उतार धाकट्याला, आणि पेट्या होत्या तिथेच ठेवायला सांगितलं. मधे ओढ्यावर एक फळी. ओढा थुरिंगियाची हद्द आहे आणि पलीकडे बवेरिया लागतो, हे फक्त शाळेतल्या नकाशाला ठाऊक होतं.

मधमाश्या म्हणजे घरचीच माणसं. लग्न झालं, त्यांना सांगायचं. बाळ झालं, सांगायचं. आणि घरातलं कुणी गेलं तर माती पडायच्या आत सांगायलाच हवं, नाहीतर त्या पोळं सोडून जातात किंवा पेटीतच मरतात. सांगायचं ते घराच्या दाराच्या किल्लीने पेटीवर तीनदा ठोकून. दुसरी कुठली वस्तू चालत नाही. मावशीचा एकुलता एक मुलगा लोरेंट्स रशियात पडल्याचा कागद आला, तेव्हा काकांच्या तोंडून शब्द फुटेना. मग मावशीच ती हातभर लोखंडी किल्ली घेऊन फळीवरून गेली आणि प्रत्येक पेटीला म्हणाली, "लोरेंट्स गेला. तुम्ही राहा." तो कुठल्या नदीपाशी पडला तिचं नाव मावशीला कधीच नीट म्हणता आलं नाही.

युद्ध संपता संपता अमेरिकन आले. त्यांचा सार्जंट प्रत्येक शब्द आधी गालात फिरवायचा, मग बाहेर काढायचा, कारण तोंडात कायम काहीतरी चघळायला असायचं. जुलैत वरच्यांचं ठरलं आणि अमेरिकन ओढ्यापलीकडे सरकले, आमच्याकडे रशियन आले. त्यांचा फेदोत नावाचा शिपाई रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा बोलायचा. पहिल्याच संध्याकाळी दोघे फळीवर भेटले. एकमेकांची भाषा नाही, मग आमच्या मोडक्यातोडक्या भाषेत चाललं.

"युद्ध, खलास!" फेदोत घुमला.

"खलास," सार्जंटने चघळलं. "तू, मी, भाऊ."

"भाऊ! मोठा भाऊ, मी!"

"मी मोठा."

आणि दोघे इतके हसले की फळी हलायला लागली. किलियनकाकांनी मधाचा वाडगा आणून मधे ठेवला. वाडगा एक, चमचे दोन. मावशी दारात उभी होती. लोरेंट्सला मारणारी गोळी कुठल्या बंदुकीतली, कोण सांगणार? ती मांजराला म्हणाली, "मिंत्से, खाऊ दे त्याला. तिकडे माझ्या लोरेंट्सला कुणी चमचाभर काही दिलं असेल की नाही, देव जाणे."

समोर शत्रू होता तोवर दोघे भाऊ. शत्रू मेला आणि मधे आम्ही उरलो. पुढच्या वर्षी फळीच्या दोन टोकांना दोन रंगांचे खांब आले. मग जायला परवाना लागायला लागला. मग तिकडे बर्लिनमध्ये रशियनांनी रस्ते अडवले, अमेरिकनांनी विमानांतून कोळसा आणि पीठ नेलं, आणि इथे आमच्या ओढ्यावर दिवस मावळला की फळी उचलली जाऊ लागली. अमेरिकनांकडे असलेला तो बॉम्ब आता रशियनांकडेही आहे, असं गुरुजींनी वर्गात छाती काढून सांगितलं. काका घरी म्हणाले, "फुलं संपली की शेजारशेजारच्या पेट्या एकमेकींना लुटतात. पहिल्यांदा कोण गेली, ते मग माश्यांनाही आठवत नाही."

"मिंत्से," मावशी म्हणाली, "काही लोक माश्यांबद्दल बोलतात आणि स्वतःच्या भावाशी बोलत नाहीत."

तेही खरंच होतं. रशियन यायच्या आदल्या दिवशी गाल्लुसकाका फळीवरून ओरडत आले होते. त्यांना हळू बोलता येतच नाही. जेवताना मीठ मागितलं तरी वाटतं आग लागली. "गाय घे, बायको घे, आणि चल माझ्याकडे! उद्या इथे कोण येतंय ठाऊक आहे ना?"

"शिपाई येतात नि जातात," किलियनकाका म्हणाले. "चूल जागची हलवत नाहीत."

"तुला रशियन गोड लागतायत!"

"आणि तुला ते चघळायचं!"

बस, एवढंच. त्यावर सात वर्षं गेली. काका रोज परवाना दाखवून उतारावर जायचे, पेट्या बघायचे. गाल्लुसकाका खिशात हात घालून दारात उभे राहायचे आणि दुसरीकडे बघायचे.

यंदाच्या मे महिन्यात फळी कायमची गेली. ओढ्याकाठची जमीन नांगरून उघडी पट्टी केली, अलीकडे काटेरी तार ठोकली. तारेशी पहाऱ्याला एगोन नावाचा पोरगा आला, साक्सनीचा. तिकडच्या तोंडात 'प'चा 'ब' होतो, 'क'चा 'ग', 'त'चा 'द'. तो दिवसभर ओरडायचा, "बलीगडे बाहू नगा! बोलू नगा! हाद हलवू नगा!" पोरं त्याच्या मागून तेच ओरडत पळायची. त्यात माझा आवाज सगळ्यांत चांगला. खांबावर कर्णा बसवला, तो सकाळपासून शांततेची गाणी गायचा. पलीकडे अमेरिकनांची जीप उभी राहायची, तिच्या रेडिओवर नाचाची गाणी. दोन गाण्यांच्या मधे तेही म्हणे शांततेबद्दलच बोलत होते.

किलियनकाका अंगणात खुर्ची टाकून समोरच्या पेट्यांकडे बघत बसायचे. आठवडाभर बसले. हिवाळ्यापासून छातीत दुखत होतं, पण भावाला कळवू देत नव्हते. मग एका सकाळी उठलेच नाहीत.

मावशी रडली नाही. तिने किल्ली दारातून काढली, एप्रनच्या खिशात घातली आणि तारेशी गेली.

"मला समोर जायचंय. एवढ्याशा कामाला. पेट्यांना सांगून परत येते."

एगोन म्हणाला, "मावशी, बरद जा. गोळी घालायचा हुगूम आहे."

"माझा नवरा गेला. त्यांना सांगायला हवं."

एगोन इकडेतिकडे बघून, खाली मान घालून म्हणाला, "आमच्यागडे बण मधमाश्या होद्या. बाबांच्या. बाबा युद्धाद गेले. गागद आला दीन महिन्यांनी. दोवर सगळ्या मेल्या होद्या. गुणी सांगिदलंच नव्हदं ना." त्याच्या बोलण्याला हसू न येण्याची माझी ती पहिलीच वेळ. "बण मला सोडदा येद नाही, मावशी."

तिचं काय अडलं होतं ते गावाला न सांगताच कळलं. लोरेंट्स गेला, काका गेले. घरातलं म्हणावं असं आता फक्त पेट्यांत उरलं होतं, आणि तेही उद्या माती पडली की जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी प्रेतयात्रा निघाली. दफनभूमी ओढ्याच्या वरच्या अंगाला, वाट तारेला लागून. अर्ध्या वाटेवर विसाव्याचा दगड आहे. तिथे शवपेटी टेकवून खांदेपालट करायचा, हा आमचा रिवाज. नेमका त्या दगडासमोर गाल्लुसकाकांचा उतार. ते उभे होते. काळा कोट, खिशात हात, पायाशी कुत्रा. पेट्या त्यांच्या मागे.

"इथे थांबायचं नाही," सरपंच क्नाउट म्हणाले. ते कर्ण्यासारखेच बोलतात, एका सुरात, श्वास न घेता.

"खांदा बदलायचाय," उचलणारे म्हणाले, आणि शवपेटी दगडावर टेकली.

मावशी शवपेटीवर वाकली. नेहमीच्याच सुरात, जरा मोठ्याने म्हणाली, "किलियन, ऐकतोस ना? तुझ्या माश्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. मी सांगितलं असतं. पण मधे तार आहे, आणि तारेपलीकडे म्हणे बोलायला बंदी आहे."

"बाई, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"नवऱ्याशी. मेलेल्याशी बोलायला परवाना लागतो का?"

"परवाना..." क्नाउट अडखळले. "तसं काही आलेलं नाही वरून."

"मग नवराबायकोच्या मधे बोलू नका. किलियन, तुझा भाऊ उभा आहे बघ. सात वर्षं खिशात हात घालून उभा आहे. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला, भर मे महिन्यात."

पलीकडे गाल्लुसकाकांनी कुत्र्याकडे मान वळवली. त्यांचं हळू बोलणं म्हणजे, ते आमच्या चर्चच्या दारापर्यंत ऐकू गेलं. "ऐकतोस का रे, हासो? तो आजारी आहे असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी तारेखालून सरपटत गेलो असतो."

"किलियन, तो म्हणतो सांगितलं नाही. तूच सांगू दिलं नाहीस. मरेपर्यंत हेकट."

"हासो, आमचा बापही तसाच होता. आणि मी त्या पेट्यांना हात लावला नाही बरं का. लावला असता तर म्हणाला असता, अमेरिकनांचा गाल्लुस आता माझ्या माश्याही खातो."

मावशी शवपेटीच्या फळीवर हात ठेवून थांबली. "आता म्हण बघू, किलियन. म्हण ना." ती वाट बघत राहिली. कर्णा गात होता, जीप गात होती. "नाही म्हणत. आज काहीच म्हणत नाही."

"ज्याच्या हातात घराची किल्ली," मावशी शवपेटीलाच म्हणाली, "त्याचंच त्या ऐकतात. ज्याने ठोकलं, तोच त्यांचा मालक. हे तुझ्या बापाने दोघांनाही शिकवलं होतं." आणि तिने एप्रनमधून किल्ली काढली.

एगोनने तिच्या हाताकडे बघितलं. मग तो खाली बसला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

कोंबड्यांवर उतरणाऱ्या ससाण्याला मावशीचा दगड कधी चुकला नाही. किल्ली तारेवरून, पट्टीवरून, ओढ्यावरून गेली आणि उतारावरच्या गवतात पडली. क्नाउट ओरडले, "वस्तू टाकली! पलीकडे वस्तू टाकली!" त्यांना तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणता येत होतं.

गाल्लुसकाका जागचे हलले नाहीत. कुत्रा जाऊन किल्ली हुंगून आला. तरी नाही. मग त्यांनी खिशातून हात बाहेर काढले. चालत गेले, वाकले, किल्ली कोटाला पुसली. पहिल्या पेटीवर तीनदा ठोकलं. लोखंडाचा लाकडावरचा आवाज गाण्यांच्या मधून स्पष्ट आला.

"तुमचा मालक किलियन गेला. आता मी आहे. मला सोडून जाऊ नका."

दुसऱ्या पेटीला तेच. तिसऱ्या पेटीला तेच. शेवटच्या पेटीला ते शब्द म्हणताना त्यांचं तोंड पेटीकडे होतं, पण आवाज फुटला तो भावाच्या दिशेने. उचलणाऱ्यांनी टोप्या काढल्या.

मग खांदा बदलला आणि आम्ही पुढे गेलो.

त्या आठवड्यात मावशीला दोनदा बोलावून विचारलं, त्या वस्तूत काय होतं, खूण कसली होती. ती म्हणाली, किल्ली होती. तिसऱ्यांदा विचारलं नाही. जूनच्या सुरुवातीला पहाटेच ट्रक आले. सरहद्दीवरची बरीच घरं रिकामी करायची होती. कुणाची आणि का, ते सांगितलं नाही. ज्यांनी आयुष्यात काही टाकलं नव्हतं तेही ट्रकवर चढले. आमचं घर राहिलं. का, तेही कुणी सांगितलं नाही.

मावशीची गादी, शिवणाचं यंत्र, लोरेंट्सची तसबीर वर चढली. टोपलीत मांजर. अधिकारी घाईत होता. "दार लावा. किल्ली द्या."

"मिंत्से," मावशी टोपलीत बघून म्हणाली, "साहेबांना सांग, या घराची किल्ली मधमाश्यांकडे आहे."

त्याला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलंय. दुसरी किल्ली नव्हतीच. शेवटी दोन शिपायांनी दाराची कडी उरलेल्या काटेरी तारेने गुंडाळली. वारा आला की दार तारेएवढं उघडायचं आणि परत बंद व्हायचं.

मी अंगणाच्या भिंतीशी उभी होते. तिच्या रासबेरीच्या कुंपणाला फुलं आली होती, आणि तिथून बारीक, भरलेली गुणगुण येत होती. ट्रकवर चढताना मावशी थांबली. झुडपाकडे बघितलं. मग समोरच्या उताराकडे, जिथे पहिल्या पेटीच्या खिळ्याला काहीतरी लोखंडी टांगलेलं होतं. एक माशी फुलातून निघाली, तारेवरून गेली, ओढ्यावरून गेली. तिला कुणी अडवलं नाही.

मावशीने मांजराकडे बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात, ज्याची मला अजून नक्कल जमलेली नाही, म्हणाली, "राहिल्या गं."