बाबीला मी खोटारडा म्हटलं

मिठबावचा होडीवाला बाबी गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. कार्ड खिशात घालून दिवसभर ऑफिसात काम केलं. रडू आलं नाही... लाज वाटली.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी समुद्रातल्या जीवांच्या चरबीचा अभ्यास करत होतो. समुद्रात सुईएवढे, काचेसारखे आरपार दिसणारे किडे असतात. आपल्याहून बारीक जीव धरून खातात. होडीमागे बारीक कापडाचं जाळं ओढून बाबी ते आणायचा, बरण्या भरून द्यायचा. जागा ठरलेली, खडकापलीकडची. एका खेपेच्या किड्यांतली मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, आधीच्या खेपेशी जुळेचनात. मी ताडलं, याने कंटाळा करून खाडीच्या तोंडाशीच बरण्या भरल्या. आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून गावाने मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायला जमलेल्या सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हटलं. हो, मीच!

"साहेबानू, जागो तोच," बाबी म्हणाला. "सुंगटा, तुमची ती कोळंबी, खावन वाढलेलो मासो नि चिखल खावन वाढलेलो मासो तव्यार सारखो लागता काय? ह्येंचा खाणा बदलला आसतला." शपथ घ्यायला त्याने ओंजळीत दर्याचं पाणी घेतलं. मी म्हटलं, "आणाभाका प्रयोगशाळेत चालत नाहीत." लोक हसले. मी दुसरा होडीवाला लावला, आणि गावात बाबीच्या शब्दावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

वर्षभराने दोन्ही खेपांच्या उरलेल्या किड्यांची पोटं सूक्ष्मदर्शकाखाली उघडली. एका खेपेच्या पोटात कोळंबीसारखे बारीक जीव, दुसरीच्या पोटात माशांची अंडी. खाणं बदललं होतं, म्हणून चरबी बदलली होती. माझा निबंध छापून आला, शाबासकी मिळाली. मिठबावला कळवायला सवड झाली नाही... सवड कसली, तोंड नव्हतं.

परवा त्याच्या घरी भेटून आलो. निघताना त्याच्या बायकोने दोन नारळ दिले, पण आधी शेजारणीला हाक मारली, "गो, बघ, दोन दितंय हां!" मी विचारलं, "तिला कशाला दाखवायचं?"

"त्येंची सवय, माकाय लागली," ती म्हणाली. "त्या दिवसापासून कोणाक काय देताना साक्षीदार व्हयोच त्येंका."

मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. "वहिनी, तो खरं बोलत होता."

"माका ठावक होता," ती म्हणाली. "थंय रापणीर जावन सांगा."

रापण समोरच ओढत होते, माणसंही बहुतेक तीच. मी नारळ पिशवीत टाकले आणि एस.टी. धरली. आता इथे बसून वर्तमानपत्रासाठी हे लिहितो आहे, आणि त्या किनाऱ्यावर पेपर कुणी वाचत नाही हेही मला पक्कं ठाऊक आहे.