शेठच्या मोटारीत आधी माझी आई बसली

आई आज सकाळी गेली.

सगळे म्हणत होते, रड, मोकळी हो. मला रडूच येईना. मला तिचा माज आठवत होता.

हो, माजच. ज्यांनी तिला पाहिलंय त्यांना कळेल.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, घोड्यांची खोगिरं शिवायचे. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात त्यांचं नाव होतं. पण खोगिराचा शेवटचा टाका कायम आईचा. तिची गाठ कधी सुटली नाही.

आणि आमच्या घरचा नियम असा, की शेवटचा टाका ज्याचा, त्याने आधी बसून बघायचं. बसल्याशिवाय आतलं भरण कुठे कमी पडलंय, कुठे गोळा झालंय, ते कळत नाही.

म्हणजे लुगडं सावरून आई लाकडी घोडीवर चढणार, डुलून बघणार, कुठे टोचतंय ते सांगणार. मगच खोगीर बाजारात.

पुढे त्याच खोगिरांवर मोठमोठी माणसं मिशांना पीळ देत बसली. त्यांना काय माहीत!

साठच्या दशकातली गोष्ट. कळसाडीकडे एक मोठे बागायतदार होते, सगळे त्यांना शेठ म्हणायचे. त्यांनी एका साहेबाकडून जुनी मोटार घेतली. इंजिन ठणठणीत, पण सीटचे हाल. कातडं तडकलेलं, शिवण उसवलेली, काथ्या बाहेर आलेला.

मुलीचं लग्न तोंडावर. नवरदेव याच मोटारीतून मिरवणार. सीट शिवणारे कारागीर पार सुरतेला, आणि तेवढा वेळ नाही.

कुणीतरी दादांचं नाव सांगितलं.

दादांनी सीट दाबून पाहिली आणि म्हणाले, "शिवसू. पन शिवनारा पहिले बठस. मंग नवरदेव."



आम्ही कातड्याचं काम करणारी माणसं. शेठच्या ओट्यावर आम्हाला चढायची सोय नव्हती. पाणीसुद्धा वरून, ओंजळीत. आणि हा माणूस मोटारीच्या गादीवर बसायचं म्हणतो!

पण गरज त्यांची होती. शेवटी शेठ म्हणाले, "बरं. आठेच आंगनमा बठी ले. लोके येवाना पहिले."

अंगणातल्या निंबाखाली काम सुरू झालं. जुनं कातडं टाका टाका उसवायचं, त्याच्या मापाने नवं कापायचं, तेल चोळून मऊ करायचं, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचं. दादा कापत होते, आई शिवत होती.

काम लांबलं. शेवटचा टाका पडला तेव्हा मांडवात पाहुणे येऊन बसलेले.

शेठनी दादांना खुणावलं, उरक लवकर.

दादा आईकडे बोट करून मागे सरले. "शेवटना टाका इना शे. हाई बठी."

मांडवात कुजबुज उठली. एक तर आमच्यातली, त्यात बाई, आणि जागा नवरदेवाची!

शेठ भडकले. "आसं ठरेल नव्हतं. तू बठस तं बठ, नही तं ऱ्हाऊ दे!"

दादा सांगायचे, त्या क्षणी त्यांनाही वाटलं, आपणच बसून मोकळं व्हावं. शेठला दुखवलं असतं तर त्या भागात पुन्हा कुणी खोगीर घेतलं नसतं.

आई पुढे आली.

"शेठ, भर वरातमा नवरदेवले टोचनं, तं नाव कोनं निंघी? मन्हंच ना? मंग माले बठू द्या."

शेठनी मांडवाकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मान हलवली.

दार कुणी उघडून दिलं नाही. तिनेच उघडलं.

डोक्यावर पदर घेऊन, पाठ ताठ ठेवून बसली. इकडे सरकली, तिकडे सरकली. सगळं गाव बघतंय आणि ही बाई निवांत.

मग म्हणाली, "डावीकडे गोळा शे. खोला."

दादांनी तिथेच शिवण उसवली, भरण सारखं केलं. शेवटचा टाका पुन्हा आईचा.

म्हणजे आई पुन्हा बसली!

शेठना वाटलं, सुटलो. तर ही म्हणते, "आते मोटार चलावा. उभा घोडावर खोगीर समजत नही."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मग शेठच हसले. ड्रायव्हरला म्हणाले, "लई जा."

मोटार लोणखेड्याच्या रस्त्याला लागून परत आली. मागच्या सीटवर एकटी माझी आई. वाटेतल्या लोकांना वाटलं शेठाणी आली, त्यांनी हात जोडले. आईनेही जोडले. गैरसमज दूर करायला ती काही उतरली नाही!

मी तेव्हा तिच्या पोटात होते. म्हणजे त्या मोटारीत मीही बसलेय, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

नंतर दादांनी तिला विचारलं, भीती नाही वाटली?

"कसानी भीती? मोटार शेठनी व्हती. सीट मन्ही व्हती."

खोटं कशाला सांगू, शेठच्या ओट्यावर आम्हाला त्यानंतरही कुणी चढू दिलं नाही. पण तालुक्यातल्या जुन्या मोटारी आमच्या वस्तीत यायला लागल्या. प्रत्येक सीटवर आधी आई बसली. कुणाची हिंमत नाही झाली नाही म्हणायची.

असली बाई माझी आई होती. मला तिचा प्रचंड अभिमान आहे.

दुपारी शववाहिका आली. मी मागे तिच्या शेजारी बसले. बाकावरचं रेक्झिन फाटलेलं, फोम बाहेर आलेला, आणि मला डाव्या बाजूला काहीतरी टोचत होतं.

मी तिच्याकडे बघत राहिले. वाटलं, आता म्हणेल, "खोला."

म्हणाली नाही.

तेव्हा रडले.

आई, जिथे जाशील तिथेही दार कुणी उघडायची वाट बघू नकोस. तूच उघड, आणि ताठ बस.

तुझ्या लेकीचा शेवटचा नमस्कार.