डावी बाही आधी

आईला पार्किन्सन होऊन नऊ वर्षं झाली, आणि त्यातून स्मृतिभ्रंश सुरू होऊन तीन. गेल्या उन्हाळ्यात ती अंघोळीच्या वेळी माझ्या बायकोला मारू लागली. "दुखतं का गं?" म्हणून विचारलं की उत्तर एकच, "नाय रं." चेहरा या आजारात थिजलेला, त्यावर हसू उमटत नाही तशी कळही उमटत नाही. डोकं ठिकाणावर नाही म्हणून मारते, असं मीही धरून चाललो.

कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "शांत राहण्याची गोळी देता येईल, पण ताठरपणा वाढेल. कदाचित चालणंही थांबेल. आधी तीन आठवडे नोंदी ठेवा."

आई तेव्हा हात धरून अंगणापर्यंत चालत होती. तेवढं तरी जाऊ द्यायचं नव्हतं.

मी वही आखली: तारीख, वेळ, मारलं की नाही. बायकोनं ती पाहिली. "अहो, नुसतं घड्याळ काय लिहिताय? काय करताना मारलं ते लिहा." मी रकाना वाढवला.

दोन आठवड्यांत त्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला: ब्लाउज. अंगावर पाणी घेताना आईनं एकदाही हात उगारला नव्हता. आणि रविवारी, शेलूहून माझी बहीण येऊन अंघोळ घालायची तेव्हा, मार शून्य.

"लेकीचा हात वळखते ती, वहिनी," बहीण खुशीत म्हणाली.

"वळखू द्या. मार कुणी खाल्लाय ते वहीत हाय," बायको म्हणाली. पण तिसऱ्या रविवारी ती न्हाणीच्या दारात उभी राहून नीट बघत राहिली. "वन्सं, तुमी डावी बाही आधी चढवता?"

"मी डावखुरी. हात तसाच जातो."

बायको रोज उजवी बाही आधी चढवायची. मग डावा हात मागं वळवावा लागायचा.

एकूण एकवीस अंघोळी. बायकोच्या अठरा, त्यांत मार चौदा वेळा. बहिणीच्या तीन, मार नाही. वही घेऊन आम्ही आईला डॉक्टरांकडे नेलं. "चेहऱ्याकडे बघू नका, तो आता सांगणार नाही. श्वास बघा, मूठ बघा," म्हणत त्यांनी तिचा डावा हात हळूहळू वर नेला. खांद्याच्या रेषेशी आईचा श्वास अडकला, उजव्या मुठीत पदर आवळला गेला. खांदा आखडला होता. शांत राहण्याची गोळी बाद झाली. दुखण्याचं औषध आणि व्यायाम सुरू झाला, आणि बायकोही डावी बाही आधी चढवू लागली.

"नोंदी चांगल्या ठेवल्यात," डॉक्टर मला म्हणाले.

"आकडे माझे. शोध हिचा," मी म्हणालो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण चारचौघांत बायकोबद्दल इतक्या अभिमानानं मी पहिल्यांदाच बोललो असेन.

पुढच्या आठवड्यात सात अंघोळींत मार एकदाच.

"तो लिहू नका. पाणी गार होतं, आई बरोबर होत्या," बायको म्हणाली.

मी लिहिला, कारणासकट.