विहिरीवाल्याचा पहिला नंबर

नुरुद्दीनभाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते एका निबंधामुळे. मी तेव्हा बोर्लीला पाचवीच्या वर्गाला मराठी शिकवत होते. 'माझा आवडता प्राणी' या विषयावर बहुतेक मुलांनी गाय किंवा कुत्रा लिहिला होता. फैझान नावाच्या मुलानं घोडा लिहिला. साधा घोडा नव्हे. हा घोडा चर्चमध्ये शिरत होता, बाकांच्या मधून चालत होता, आणि टापांचा आवाज होऊ नये म्हणून तिथल्या पाद्र्यानं आपला झगा फाडून चिंध्या त्याच्या पायांना बांधल्या होत्या. मी खाली लाल पेनानं लिहिलं, 'घोडा चर्चमध्ये जात नाही. पाहिलेलं लिहावं.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात एक उंच माणूस उभा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मुलाची वही. फैझानचे वडील नुरुद्दीनभाई, कतारहून सुट्टीवर आलेले. गुण वाढवून घ्यायला आले असतील असं मला वाटलं. गुणांचं त्यांनी नावही काढलं नाही.

"बाई, घोडा जातो," ते म्हणाले. "मी स्वतः बघितलाय. पोराची चूक एकच हाय. त्यानं पांढरा लिहिलाय. घोडा मातकट होता."

मी पांढऱ्याचा मातकट केला आणि वैतागून वही परत दिली. तो वैताग आजतागायत टिकून आहे.

घोडा होता एका सिनेमातला. इटलीच्या लोकांनी एके काळी अमेरिकेतल्या गुराख्यांचे, बंदूकवाल्यांचे ढिगानं सिनेमे काढले. इटालियन लोक शेवया खातात म्हणून जगानं त्यांना स्पॅगेटी वेस्टर्न म्हटलं. बोर्लीत त्यांना सरळ 'शेवयांचे पिच्चर' म्हणत. नुरुद्दीनभाई कतारमध्ये कंपनीच्या वसाहतीत राहात, तिथल्या टीव्हीवर हे सिनेमे लागत, आणि ते टीव्हीवरून कॅसेटवर उतरवून घरी पाठवत. नावं अरबी अक्षरांत, तीही कधी अर्धी कापलेली. त्यामुळे आम्ही त्यांना आमचीच नावं ठेवली. 'मिठाचं गाव', 'लंगडा तारमास्तर', 'दोन बायकांचा शेरीफ'. आणि 'विहिरीवाला'.

मी त्यात कशी ओढले गेले? त्या घोड्याची शहानिशा करायला गेले आणि गेले ती गेलेच. फैझानची आई झुबेदा दुपारी ओट्यावरची कामं आटोपून कॅसेट लावायची, आणि मी शाळा सुटल्यावर तिच्याकडे टेकायची. त्या सिनेमांतली माणसं फारशी बोलत नाहीत. नुसती एकमेकांकडे बघत राहतात. दिवसभर साठ पोरांचा गलका ऐकलेल्या बाईला ते किती बरं वाटतं, हे शिक्षकांनाच कळेल.

पुढे नुरुद्दीनभाई कायमचे परत आले, मी निवृत्त होऊन दिवेआगरला आमच्या वाडीत राहायला आले, आणि माझा जुना विद्यार्थी विनेश, ज्यानं नारळी-पोफळीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आहेत, तोही या वेडात सामील झाला. असे आम्ही चौघं. दर वर्षी बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, झुबेदा शिरखुर्म्याचं पातेलं घेऊन विनेशच्या जेवणघरात येते आणि आम्ही दहा सिनेमांचे नंबर लावतो. नियम नुरुद्दीनभाईंचे. ज्या सिनेमाची शिट्टी लोकांच्या मोबाइलवर वाजते तो बाद, कारण तो सगळ्यांनाच माहीत आहे. जो सिनेमा चौघांनी बघितलेला नाही तो बाद. आणि चौघं राजी असल्याशिवाय कुठलाही नंबर हलणार नाही.

या शेवटच्या नियमामुळे 'विहिरीवाला' वर्षानुवर्षं पहिला होता. आम्हा तिघांपैकी एकालाही तो पहिला वाटत नसे. झुबेदाचा पहिला 'मिठाचं गाव', माझाही तोच. पण नुरुद्दीनभाई राजी नाहीत म्हणजे नाहीत. गल्फमध्ये ते फोरमन होते, इथे परतल्यावर निवृत्त झालेल्या अनेकांपैकी एक. मशिदीच्या कमिटीत त्यांचं कुणी ऐकत नाही, घरात झुबेदा ऐकत नाही. या एका जागी त्यांचा शब्द चालायचा, कारण 'विहिरीवाला' आम्ही तुकड्यातुकड्यानं पाहिला होता आणि त्यांनी अख्खा.

ते असं. सिनेमाच्या पहिल्या भागात दाढीवाल्या नायकाला दरोडेखोर कोरड्या विहिरीत टाकून देतात. इथे कॅसेटवर पाल चुकचुकल्यासारखा आवाज येतो, पडदा हलतो, आणि नायक गुळगुळीत दाढी करून, गळ्यात लाल रुमाल बांधून दुसऱ्याच गावात एका विधवेची जमीन सोडवत असतो. मधला भाग का नाही? नुरुद्दीनभाई सांगत की ईदचा दिवस होता, असरची, म्हणजे दुपार कलतानाची, अजान झाली, त्यांनी मशीन बंद केलं आणि नमाजाला गेले. परतले तेव्हा पडद्यावर घोडे पळतच होते, म्हणून पुन्हा बटण दाबलं. पण काळजीचं कारण नाही, कारण तोच सिनेमा त्यांनी आधी दोह्याच्या थेटरात पूर्ण पाहिला होता. मग ते मधला भाग सांगत. मालकाची शीळ ओळखून घोडा विहिरीकाठी येतो, लगाम आत सोडतो. नायक वर येतो, चर्चमध्ये लपतो, पाद्री घोड्याच्या पायांना चिंध्या बांधतो आणि नायकाची दाढी काढतो, म्हणजे कुणी ओळखणार नाही. दर वर्षी हेच, याच क्रमानं. मी मध्येच काही विचारलं तर पुन्हा शिळेपासून.

गेल्या वर्षी त्यांची नात मेहेक पनवेलहून सुट्टीला आली होती. फैझानची मुलगी, कॉलेजात शिकते. तिनं मोबाइलवर विहिरीचं एक चित्र शोधून काढलं आणि उड्या मारत आली. "दादाजान, तुमचा पिच्चर सापडला. अख्खा."

नुरुद्दीनभाईंनी स्वतः दिवेआगरला येऊन आम्हाला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घातला. विनेशनं पाहुण्यांसाठी घेतलेला मोठा टीव्ही लावला. सिनेमा सुरू झाला, तीच धूळ, तोच दाढीवाला, तीच विहीर. नुरुद्दीनभाई पुढे सरकून बसले. "आता शीळ," ते म्हणाले.

शीळ आली नाही. एका म्हातारीनं विहिरीत शिडी टाकली आणि दाढीवाला ती चढून वर आला. मग त्यानं भाकरी खाल्ली, सगळ्या दरोडेखोरांना मारलं आणि दाढीसकट म्हातारीच्या मुलीशी लग्न केलं. घोडा कुठल्याही चर्चच्या आसपास फिरकला नाही. लाल रुमालाचा माणूस तर आलाच नाही. तो मेहेकला तिथेच बसून मोबाइलवर सापडला, वेगळ्याच सिनेमात, पहिल्या मिनिटापासून गुळगुळीत दाढीचा.

थोडक्यात, ईदला त्या वाहिनीनं लागोपाठ दोन सिनेमे दाखवले होते. नुरुद्दीनभाई नमाजाला गेले, गळाभेटी करत रेंगाळले असणार, आणि आले तेव्हा दुसऱ्या सिनेमातले घोडे पळत होते. आम्ही इतकी वर्षं दोन अर्ध्या सिनेमांना मिळून पहिला नंबर देत होतो. त्या लाल रुमालावर मी एकदा तासभर बोलले होते, नायकाच्या बदललेल्या स्वभावाचं चिन्ह म्हणून. तेही वाया गेलं.

कुणीही हसून मोकळं झालं असतं. नुरुद्दीनभाई म्हणाले, "ही प्रत कापलेली हाय."

विनेशनं समजावलं की कापलेल्या प्रतीत शिडी जास्तीची कशी येईल. ते म्हणाले, शिडी नंतर घातली असेल. मेहेकनं दोन्ही सिनेमांची नावं, सालं दाखवली. ते म्हणाले, मोबाइलवर काय कुणीही लिहितं. शेवटी विनेश वैतागला.

"चाचा, जो पिच्चर जगात नाही त्याला नंबर कसा देणार? नियम तुमचेच ना?"

"मी बघितलाय म्हणून सांगतोय. मग मी काय खोटा?"

विनेश टीव्ही बंद करायला उठला, मी पिशवी उचलली, आणि तेच चुकलं. त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. त्यानंतर ते विनेशकडे आलेच नाहीत. बाजारात मी दिसले की मच्छीवाल्यांच्या पलीकडून वळसा घालत. सत्तरीच्या पुढचा माणूस, उन्हातून वळसा. मला दया यावी की राग, हे ठरवताना माझी भाजी राहून जायची.

रमजान जवळ आला तेव्हा मी बोर्लीला त्यांच्या घरी गेले. ते मशिदीत होते. झुबेदा परातीत तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला एवढं कबूल करायला काय होतं, की मधलं त्यांनी रचलं?

झुबेदानं खडा बाजूला टाकला. "मला पहिल्या दिवसापासून माहीत हाय, बाई."

"काय?"

"दोन माणसं हायत ते. टोपी बघा ना दोघांची. एकीचा काठ खाली वळलेला, एकीचा वर. दाढी काढली तर टोपी कशी बदलेल?"

मग एवढी वर्षं गप्प का, असं मी जरा जोरातच विचारलं. ती परातीकडे बघतच बोलली. फैझानचे अब्बा दोन वर्षांनी पहिल्यांदा सुट्टीवर आले, तेव्हा घरात पाहुण्यासारखे बसले होते. काय बोलावं ते त्यांना सुचेना, तिलाही सुचेना. पोर तर त्यांच्या जवळच जाईना. तेव्हा तिनं विचारलं, तो विहिरीतून वर कसा आला?

"मग दिवेलागण होऊन मगरिबची अजान होईपर्यंत बोलत होते," झुबेदा म्हणाली. "फैझान मांडीवर येऊन बसला. पुढच्या सुट्टीला मीच विचारलं परत. दर सुट्टीला विचारलं. थेटरात बघितलाय असं नंतर कुणाला तरी म्हणाले, आणि आता त्यांना ते खरंच आठवतं. हे बोलू नका त्यांच्याकडे."

मी बोलले नाही. आता लिहिते आहे, ते तिला विचारून.

या बासी ईदला पातेल्याबरोबर नुरुद्दीनभाई आले. आले म्हणजे झुबेदानं पातेलं हातात देऊन त्यांना पुढे घातलं होतं. ते खिडकीशी बसले, पाठ आमच्याकडे. विनेशनं घसा साफ केला आणि पहिल्या नंबरावर 'मिठाचं गाव' सुचवलं. मी मान हलवली. नंबर हलवायला चौघं राजी हवेत, आणि नुरुद्दीनभाईंनी खिडकीकडे बघतच सांगितलं, "घ्या. मी राजी."

इतकी वर्षं मी त्या शब्दांची वाट पाहिली होती. ऐकायला मुळीच चांगले वाटले नाहीत.

"मी न्हाय राजी," झुबेदा म्हणाली.

विनेश तिच्याकडे वळला. "चाची, तुमचाच तर पहिला आहे तो."

"असू दे. विहिरीवाला पहिला राहील. पण मधलं यांनी सांगायचं, सगळ्यांसमोर बसून. टीव्ही विहिरीपाशी थांबवायचा, यांनी सांगायचं, मग पुढं लावायचा. तसा हाय तो पिच्चर. आमच्या घरात तसाच हाय."

विनेशनं माझ्याकडे बघितलं. त्याला नियमाचा मुद्दा काढायचा होता. मी वर्गात त्याच्याकडे बघायचे तसं बघितलं, आणि त्यानं रिमोट उचलला.

विहिरीपाशी सिनेमा थांबला. नुरुद्दीनभाई खुर्ची वळवून बसले, आणि आधी शीळ घालून दाखवली. घोडा आला, लगाम आत सोडला. पाद्र्यानं झगा फाडला. मधल्या बाकांशी घोडा थबकला तेव्हा झुबेदानं विचारलं, "कुठल्या रंगाचा होता?"

"मातकट," ते म्हणाले. "फैझानच्या वहीत बाईंनीच लिहिलेलं हाय."

'विहिरीवाला' पहिल्या नंबरावर राहिला. आता इथे माणसानं शिरखुर्मा खाऊन, आभार मानून गप्प बसावं. नुरुद्दीनभाईंनी वाटी खाली ठेवली आणि विनेशला बजावलं की मूळ प्रत सापडली की शिडीचं काय ते कळेलच, तेव्हा त्यानं माफी मागायची तयारी ठेवावी. विनेशनं कपाळावर हात मारला. मीही मारला असता, पण वाटी हातात होती.

मेहेकनं त्यांना मोबाइलवर शोधायला शिकवलं आहे. सध्या नुरुद्दीनभाई रोज दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर ओट्यावर बसून न कापलेली प्रत शोधतात.