आईच्या मापाची गाडी

आमच्या घरात उंची वडिलांकडून आली आणि हट्ट आईकडून. मला दोन्ही मिळालं, त्यामुळे माझं लग्न जमवताना नातेवाइकांचा बराच घाम निघाला. पण तो विषय वेगळा. आई चार फूट दहा इंच, वडील सहा फुटाला बोटभर कमी. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला पाटावर उभं केलं होतं, आणि साडीच्या निऱ्यांखालून पाटाचा कोपरा अजून दिसतो.

मोटारसायकल वडिलांची होती. खराब रस्त्यांचा विचार करून मुद्दाम उंच बनवलेलं ते मॉडेल बाजारातून जाऊनही आता बरीच वर्षं झाली. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मेंटेनन्सला होते. क्रेन, साखळ्या, दोर, म्हणजे जड वस्तू उचलणारं जे जे काही असेल ते त्यांच्याकडे. चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची कितीतरी या गाडीवर. रिटायर झाल्यावरही ते रोज सकाळी उगाच एक चक्कर मारून यायचे आणि येताना दूध आणायचे, म्हणजे चक्कर उगाच वाटू नये.

मग काचबिंदू निघाला. नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं काही नाही. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. वडिलांनी गाडी सोडलीच, आणि घराबाहेर पडणंही सोडलं. रिक्षात त्यांच्या पोटात ढवळायचं. माझ्या स्कूटरवर मागे बसा म्हटलं तर म्हणाले, "गुडघे कुठे ठेवू, खिशात?" विहारात जाणं थांबलं, मित्राच्या नातवाच्या नामकरणाला आहेर माझ्या हाती पाठवला. आठ महिन्यांत ते फाटकाबाहेर गेले ते फक्त डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चिडचिड केली असती तर बरं वाटलं असतं. ते नुसते खुर्चीत बसायचे, आणि कोणी विचारलं की "मजेत" म्हणायचे. मला त्यांच्याकडे बघून भीती वाटायची, हे सरळच लिहून टाकते.

एका रात्री जेवताना आईने जाहीर केलं, "गाडी मी चालवणार. मला ती खाली उतरवून द्या, पाय टेकतील एवढी."

मला ठसका लागला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली रिटायर शिक्षिका. पेठ तालुक्यातल्या घाटात तिने बारा वर्षं मोपेड चालवली आहे, आणि लग्नानंतर वडिलांनी तिला जुन्या गाडीवर गिअरही शिकवले होते. पण ही गाडी तिच्या छातीला लागायची. मी म्हटलं, "अगं, वर चढायला शिडी लागेल तुला. ही विकू आणि बारकी स्कूटर घेऊ."

वडील भात कालवत होते. म्हणाले, "होईल खाली. का नाही होणार?"

नंतर ओट्याशी आईने मला हळूच विचारलं, "स्कूटरवर हे बसतील का मागे? गाडीवर बसतील." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "मग त्यांना तसं सांग ना," मी म्हटलं. ती म्हणाली, "आत्ता सांगितलं तर लगेच नाही म्हणतील. आधी गाडी होऊ दे." शाळेत पोरांना गणित आवडत नाही म्हणून ती आधी गोष्ट सांगायची आणि गणित शेवटी काढायची. घरातही तिची तीच पद्धत.

वडील गॅरेजवर जाणार नाहीत म्हणून जेलरोडचा मेकॅनिक आमच्या अंगणात आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, वडिलांना फार मानणारा माणूस. "जयभीम काका" म्हणून खाली बसला आणि त्याने आधी आईचं माप मागितलं. पाय जमिनीपासून वरपर्यंत किती, ते. आई लाजून आत गेली. आत मी तिला भिंतीशी उभं करून तिच्याच शाळेतल्या फूटपट्टीने मोजलं. साडेपंचवीस इंच. बाहेर सीटची उंची साडेबत्तीस.

"लय फरक हाय, काका," मेकॅनिक म्हणाला. "सात इंच कुठून आणायचे?"

"एकाच जागेकडून सात मागायचे नाहीत," वडील म्हणाले. "थोडं थोडं सगळ्यांकडून घ्यायचं. आणि सात नकोतच. चवडे टेकले की पुरे."

आठ महिन्यांत त्यांचं हे सर्वांत लांब बोलणं असावं. ते खुर्ची उचलून अंगणात आले आणि पुढचे तीन दिवस तिथेच होते. सीटचं कव्हर काढून आतला फोम ब्लेडने कापून घेतला. नुसता वरून नाही, पुढच्या बाजूने कडेलाही, म्हणजे मांड्या न फाकता पाय सरळ खाली येतात. मागचे दोन्ही शॉकअप काढून आखूड बसवले. पुढच्या चाकाचे पाइप ढिले करून एक इंच वर सरकवले, म्हणजे गाडी पुढूनही तेवढी खाली येते. पुढचं आणि मागचं सारखं उतरलं नाही तर गाडी वळणावर डगमगते, असं त्यांचं म्हणणं. दिसत नव्हतं तिथे ते बोटांनी चाचपायचे. मेकॅनिकने एकदा पाइप दोन्हीकडे सारखा न सरकवता अंमळ कमी-जास्त केला, तो त्यांनी अंगठ्याने ओळखला. मला त्यांचा तेव्हा अभिमान वाटला. आमच्याकडे असलं बोलून दाखवायची पद्धत नाही.

प्लांटमध्ये कुठलीही क्रेन वजन टांगून बघितल्याशिवाय कामाला लावत नसत. वडिलांनी तोच नियम अंगणात लावला. पिंपळगावच्या मावशीने पाठवलेली कांद्याची पन्नास किलोची गोणी सीटवर दोरीने बांधायला लावली, आणि गाडी किती दबते ते पट्टीने मोजायला लावलं.

"मी काय कांद्याची गोणी आहे?" आई म्हणाली.

"वजनाला तेवढीच," वडील म्हणाले. मेकॅनिक तोंड फिरवून हसला.

एक गोष्ट मात्र राहिली. गाडी खाली आली, पण तिचा साइड स्टँड होता तेवढाच लांब राहिला. त्यामुळे स्टँडवर ती कलायच्या ऐवजी ताठ उभी राहिली, आणि दुपारी वाऱ्याची झुळूक आली तशी उलट्या बाजूला जास्वंदीच्या कुंडीवर आडवी झाली. आवाज ऐकून आतून वडील ओरडले, "स्टँड कापायचा राहिला ना?" त्यांनी दोनदा सांगितलं होतं. आम्ही तिघांनीही ऐकलं नव्हतं. मग स्टँड सव्वा इंच कापून वेल्डिंग करून आणला.

सगळं मिळून गाडी साडेतीन इंच उतरली. बूट घालून बसल्यावर आईचे चवडे टेकले. रोज सकाळी कॉलनीच्या मैदानात तिने पंधरा दिवस सराव केला. ओट्यावरच्या बायकांची तोंडं आधी उघडी राहिली आणि मग बंद झाली. गाडी परत आल्यावर वडील फक्त आवाजावरून सांगायचे, "दुसरा गिअर उशिरा टाकतेस."

नंतरच्या रविवारी ती दोन हेल्मेट घेऊन त्यांच्या खुर्चीसमोर उभी राहिली. "चला. एकलहऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

"तू जाऊन ये."

"मी एकटीने फिरायला गाडी कापली का?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. डोळ्यांच्या त्या नळीतून तिचा चेहरा सापडायला त्यांना क्षणभर लागला. मग ते उठले. त्यांनी हेल्मेट घातलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे टांग टाकली आणि बसले. गाडी सुरू झाली, जेमतेम फाटकापर्यंत गेली आणि मागून खर्र आवाज आला. मागचं चाक मडगार्डला घासत होतं. ते लगेच उतरले. "बघ, नाही घेत ती दोघांना," म्हणाले, आणि भिंतीला हात लावत आत निघून गेले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. मला तेच सहन झालं नाही.

मी त्यांच्या मागे गेले. "पप्पा, गोणी एकच का बांधली?"

"चालवणारी एकच आहे ना."

"प्लांटमध्ये तुम्ही हुकाचंसुद्धा वजन धरायचा. मीच ऐकलंय लहानपणापासून. उचलायचा माल, साखळी, हुक, सगळं धरायचं. मग इथे तुम्ही कुठे गेलात?"

मी भलत्याच माणसाबद्दल विचारतेय, असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटत होतं की ते विसरले. त्या बघण्यातून कळलं की विसरायला मुळात मनात यावं लागतं. गाडीवर आपण असू हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. बायकोला बाजारात जाता यावं, विहारात जाता यावं, म्हणून त्यांनी तीन दिवस जीव लावून काम केलं होतं, आणि त्या सगळ्या हिशेबात ते स्वतः नव्हते. मी तिथे उभी राहून रडले. रागानेच, पण रडले.

आई रडली नाही. ती मेकॅनिकला फोन करत होती.

तो दुसऱ्या दिवशी आला. जाड स्प्रिंगचे शॉकअप घातले तर दोघांचं वजन झेपेल, पण गाडी मागून पाऊण इंच वर येईल, म्हणाला. वडील दारात उभे होते. "नको," ते आईला म्हणाले. "मग तुझी नुसती बोटं टेकतील. सिग्नलला पडशील."

आई स्टूलवर बसून मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचे टेकतील ना पाय? ते काय शोभेला दिलेत?"

मेकॅनिक पाना हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग वडील पायरी चाचपत अंगणात उतरले, गाडीपाशी आले, आणि सीटवर हात ठेवून मेकॅनिकला म्हणाले, "एकशे तीस किलो धर."

पुढच्या रविवारी ते दोघं निघाले. मी माझ्या स्कूटरवरून मागे गेले. मला राहवलं नाही. दत्तमंदिराच्या सिग्नलला आईने ब्रेक लावला आणि गाडी डावीकडे झुकली. "पाय!" ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारच्या टेम्पोवाल्यानेही पाय खाली घेतला असावा. वडिलांचे दोन लांब पाय दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आले आणि गाडी सरळ झाली. आईची बोटंच काय ती टेकलेली. सिग्नल सुटला, गाडी गेली. त्यांना माझी गरज नव्हती, म्हणून मी परत फिरले.

तास झाला तरी पत्ता नाही. दीड तास झाला. दोन तास झाल्यावर मात्र माझ्या मनात नको ते यायला लागलं, आणि मी आईला फोन लावला. पलीकडे वारा होता, गाड्यांचे हॉर्न होते.

"कुठे आहात? काय झालं? गाडी बंद पडली का?"

"काही झालं नाही," आई वैतागून म्हणाली. "मी केव्हाची म्हणतेय घरी चला. हेच ऐकेनात."