भिंतीवरचा इकेम

इकेम देखणा होता, हे आधीच सांगून टाकते, कारण त्याच्या आयुष्यातले सगळे घोळ तिथूनच सुरू झाले. ओग्वाशी-उकू गावाकडचं पोर, शाळेत धड लक्ष नाही. पण एका कापडवाल्यानं त्याला लेसचा झगा घालून कॅलेंडरवर छापलं आणि पोराला वाटलं, सगळं जग आपल्याकडेच बघतंय. मग लागोसला गेला. तिथे शिंप्यांचे कपडे अंगावर चढवून लोकांसमोर चालला, आणि चालून चालून आमच्या असाबात आला. इथे सिनेमे निघतात, आणि सिनेमाला उंच माणूस लागतोच.

तिथेही त्याचं काम ठरलेलं. श्रीमंताच्या मागे हात बांधून उभं राहायचं, नाही तर नवरदेव होऊन पहिल्याच भागात मरायचं. माझी खानावळ मोटार-अड्ड्यासमोर, नटमंडळी उतरतात त्या हॉटेलच्या वळणावर. रोज दुपारी यायचा, ग्लासभर पाणी प्यायचा आणि विचारायचा, "अझुकामावशी, मला कुणी विचारलं का?"

"विचारलं की. डासांनी."

तो हसायचा. पोट सपाट राहावं म्हणून जेवत नाही, असं सांगायचा. उपाशी माणूस मला ओळखता येत नाही असं त्याला वाटायचं. मी आकपूचा, म्हणजे आंबवलेल्या कसाव्याच्या कंदाचा गोळा आणि कडू पानांचं सूप पुढे सरकवायची, की हा पोटाचं सगळं विसरून बोटं चाटायचा.

अडतीसचा झाला होता, सांगायचा अठ्ठावीस. गाल बसले होते. कानावरचे पांढरे केस बुटाच्या पॉलिशनं काळे करायचा. गावाहून आई विचारायची, लग्न कधी? हा म्हणायचा, एक मोठं काम होऊ दे.

आणि काम आलं. लागोसच्या एका कंपनीला बाळाच्या खाण्याच्या डब्यावर हसरा बाप हवा होता. यानं फोटो पाठवला, त्यांना आवडला. कंपनीच्या मोरायोबाई कुणाच्या तरी लग्नाला असाबात येणार होत्या. सोमवारी समक्ष बघून करारावर सही घेते म्हणाल्या. भेटायची जागा माझी खानावळ, कारण याच्या खोलीत पाहुण्याला बसवायला खुर्ची नव्हती. हे काम गेलं तर गावी जाऊन कसावा खणायचा, असं त्यानं मला सांगून ठेवलं होतं, आणि ते सांगताना तो हसला नव्हता.

नेमकं त्याच आठवड्यात ओसेलोका नावाच्या दिग्दर्शकाचं शूटिंग चालू होतं. त्यात इकेम मरतो, आणि त्याची आई गावभर फिरते तर प्रत्येक भिंतीवर लेकाच्या निधनाचा कागद. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा मोठा रंगीत फोटो भिंतींवर लागतोच. ओसेलोकाला खोट्या भिंती नको होत्या, म्हणून कागद खऱ्याच गावात चिकटवले. इकेमनं हौसेनं स्वतःचा सगळ्यात चांगला फोटो दिला. दहा वर्षांपूर्वीचा, लागोसला पाठवला होता तोच. खाली छापलं होतं, 'अकाली गेला. वय अठ्ठावीस.'

"अरे, जिवंतपणी स्वतःचा असला कागद लावून घेतोस?" मी म्हटलं.

"मावशी, एवढा मोठा फोटो माझा आजवर कुणी छापलाच नाही."

शूटिंग संपलं. मंडळी गाशा गुंडाळून गेली, कागद तसेच राहिले. रविवारी कुठे याच्या डोक्यात उजेड पडला. मेलेल्या माणसाचा चेहरा बाळाच्या डब्यावर कोण छापेल? सोमवारी उजाडल्यापासून तो भिंती खरवडत गावभर फिरला आणि ऊन चढल्यावर माझ्या समोरच्या भिंतीशी पोचला. तेवढा एकच कागद उरला होता. त्याचा वरचा कोपरा सोडवला नाही तोच अड्ड्यावरच्या पोरांनी त्याला धरलं.

"मेलेल्याचा कागद फाडतोस? त्याच्या आईला काय वाटेल?" जाड मानेच्या एकानं तोंडावर ठेवून दिली.

"अरे, तो मीच आहे. सिनेमातला कागद आहे तो."

पोरानं कागदाकडे पाहिलं, मग याच्याकडे. "हा तू? हा बघ किती देखणा होता बिचारा. तू आधी आरशात बघून ये."

मी पळी घेऊनच धावले. "सोडा त्याला. तोच आहे तो. रोज माझ्याकडे जेवतो."

"मावशी, जावई करून घ्यायचाय का? आम्हालाही डोळे आहेत."

मग इकेमनं काय करावं? त्यानं हनुवटी उचलली आणि फोटोतल्यासारखं हसून दाखवलं. ओठ फुटला होता, दातांवर रक्त होतं. पोरं पोट धरधरून हसली.

माझ्याच चुलीवर त्यांनी कसाव्याची खळ करवली आणि तो कागद त्याच्याच हातानं परत चिकटवायला लावला. मेलेल्याची माफी मागायला लावली. त्यानं मागितली. फोटोतल्या कपाळावर आलेली सुरकुती त्यानं अंगठ्यानं हळूहळू सपाट केली.

सदरा फाटला होता, म्हणून मी माझ्या नवऱ्याचा जुना झगा दिला आणि त्याला मागे तोंड धुवायला पाठवलं. तेवढ्यात मोरायोबाईंची गाडी आली. बाई उतरल्या आणि समोरच्या भिंतीपाशी थबकल्या. बराच वेळ उभ्या होत्या. आत आल्या तेव्हा डोळे भरलेले, आणि हातात तोच, त्यानं लागोसला पाठवलेला फोटो.

इकेम तोंड पुसत बाहेर आला. बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले.

"तुम्ही थोरले भाऊ ना? नाक अगदी तसंच आहे. मला आत्ता कळलं हो. आम्ही त्यालाच घेणार होतो."

करार त्यांच्या पिशवीत होता. मी तोंड उघडलं, तर इकेमनं माझ्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. मला त्याचा इतका राग आला की पळी त्याच्याच डोक्यात घालावीशी वाटली. पण आज एकदा हसून दाखवून झालं होतं, आणि परत दाखवायची त्याच्यात ताकद उरली नव्हती. ते मला दिसत होतं, म्हणून मी गप्प बसले.

"हो," तो म्हणाला. "थोरला."

"कसा होता हो तो?"

इकेम बाकावर बसला. बाईंच्या हातातल्या फोटोकडे बघत राहिला.

"वेळेवर यायचा," तो म्हणाला. "कधी कुणाला ताटकळत ठेवलं नाही त्यानं."