सोवळ्यातली परडी

काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत किराणा दुकानातून चोऱ्या होत, आणि चोर कोण हे सगळ्यांना तपास न करताच ठाऊक होतं. त्या दुकानाच्या पायरीवर बसणारी भाजीवाली. गंगेपलीकडच्या रामनगरहून नावेने येणारी, परकी, म्हणजे तीच. मी नवी सून म्हणून काशीत आले तेव्हा मला हिंदीचा गंध नव्हता. भाज्यांची नावं तिनेच मला न हसता शिकवली होती.

दुकानदार आपल्यातलाच, मराठी. गंगास्नान करून सोवळ्यात कुणी आलं की शिवाशिव नको म्हणून तो ओटा सोडून खाली उतरायचा. गिऱ्हाईक हवं ते आपल्या हाताने उचलून घेई आणि काय घेतलं ते सांगे. या चालीचा गल्लीला मोठा अभिमान. चोऱ्या थांबवायला गल्लीच्या तोंडाशी फाटक बसवायचं घाटत होतं. दुकानदाराने ओट्यावरून उतरू नये, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही.

एका सकाळी केशराची डबी गेली. इंग्रजांच्या कोतवालीची पायरी कुणी चढायची नाही, न्याय गल्लीतच. भाजीवालीची टोपली रस्त्यावर पालथी केली. परवराची कोवळी भाजी शेणात लोळली. "देख ला, का हौ एहमें," बघून घ्या काय आहे यात, असं ती म्हणत राहिली. काही निघालं नाही, तरी उद्यापासून तिने गल्लीत पाऊल टाकायचं नाही असं ठरलं. ठरवणाऱ्यांत सगळ्यांत पुढे आमच्या आत्याबाई, सासऱ्यांच्या विधवा बहीण, ओलेत्याने, हातात फुलांची परडी.

त्या परडीत फुलांखाली काय जातं ते मी एकादशीला चार पावलं मागून पाहिलं होतं, आणि घरची अब्रू म्हणून गप्प बसले होते. विधवेच्या ताटात केशर-वेलदोडा कुणी वाढत नाही, हे कळत होतं, वाईटही वाटत होतं. पण म्हणून दुसरीच्या पोटावर पाय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तलाशी घ्यायची तर सगळ्यांची घ्या," मी म्हणाले. "आत्याबाईंची परडीही बघा."

"खबरदार शिवशील तर. मी सोवळ्यात आहे," आत्याबाई म्हणाल्या.

कुणी हललं नाही. सासरे जमिनीकडे बघत होते. मी आत्याबाईंचं मनगट धरलं आणि फुलं बाजूला केली. डबी तिथेच होती.

पुढचं मात्र आमच्याच लोकांना सुचावं. चोरीचं नाव कुणी काढलं नाही. सून सोवळ्याला शिवली, याचाच गवगवा. आत्याबाई पुन्हा गंगेत बुडी मारून आल्या आणि शुद्ध झाल्या. मला पंचगव्य घ्यायला सांगितलं. मी घेतलं नाही.

फाटक बसलंच, बाहेरच्या चोरांसाठी. रोज सकाळी नाव लागायच्या वेळी मी खाली जाऊन त्याची कडी काढत असे, आणि भाजीवाली आत येऊन पायरीवर बसेपर्यंत तिथेच उभी राहत असे.